घटक ६ : सहकार्य आणि सहकार – पर्यटनस्थळाच्या टिकाऊ व्यवस्थापनाची भाषा

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला ‘शाश्वत’, ‘स्थानिक’, ‘सहकार्य’ आणि ‘सहकार’ या शब्दांच्या व्यवहारातील अर्थच्छटा वेगळ्या करून सांगता येतील. कास आणि वेळास येथील गावकऱ्यांच्या सहभागातून पर्यटनाची व्यवस्था कशी उभी राहिली याचे विवेचन करता येईल. आणि आपल्या परिसरातील एखाद्या स्थळासाठी ग्रामसभेचा ठराव व सूचनाफलक यांचा मसुदा तयार करता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्रात पिंपळगावे अनेक आहेत. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर, खुद्द जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आणि घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव. गावात राहणाऱ्या माणसाला अशा जोडनावाची फारशी गरज पडत नाही. त्याच्या दृष्टीने ते नुसते ‘पिंपळगाव’ किंवा नुसते ‘गाव’ असते. ‘कुंभार’, ‘बसवंत’, ‘रेणुकाई’ ही विशेषणे लागतात ती बाहेरून येणाऱ्याला, टपालाला आणि सरकारी दप्तराला. याच तालुक्यातील जांब हे गावही आज ‘जांब समर्थ’ या नावाने ओळखले जाते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी येथे झाला. सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांचे हे घर. रामनवमीच्या उत्सवाला आणि एरवीही दूरदूरचे समर्थभक्त येथे येतात.

जांबसारख्या स्थळाला येणारा माणूस यात्रेकरू म्हणावा की पर्यटक, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ‘पर्यटन’ म्हणजे परि + अटन, सभोवार फिरणे. या शब्दात फिरणारा आहे, पण जेथे फिरायचे त्या जागी राहणारा कोठेही नाही. ‘यात्रा’ या शब्दाचे व्यवहारातील रूप वेगळे आहे. ‘आमच्या गावची यात्रा’ असे आपण म्हणतो, तेव्हा यात्रा ही गावाने भरवायची गोष्ट असते. वर्गणी, पालखीचा मार्ग, कुस्त्यांचा फड, पाण्याची सोय, दुकानांच्या जागा हे सारे त्या एका शब्दात गृहीत असते. पर्यटन बाहेरून येते, यात्रा गाव भरवते. या घटकात आपल्याला जे पाहायचे आहे त्याचे बीज या फरकात आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये जांब येथील राममंदिरातून प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. सुमारे दोन महिन्यांनी पोलिसांनी आरोपींना पकडून मूर्ती हस्तगत केल्या. मधल्या काळात महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. तपासाचे काम पोलिसांचे. परंतु अशा घटनेनंतर कोणत्याही गावापुढे उभे राहणारे प्रश्न साधे असतात. रात्री राखण कोणाची, किल्ली कोणाकडे, ये-जा करणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो, आणि या सर्वांचा खर्च कोठून येतो? ‘व्यवस्थापन’ हा भारदस्त शब्द अखेर अशाच प्रश्नांपाशी येऊन थांबतो.

६.२ शब्दांची पारख

६.२.१ शाश्वत की टिकाऊ?

‘शाश्वत पर्यटन’, ‘शाश्वत विकास’ हे शब्दप्रयोग गेल्या काही दशकांत शासकीय मराठीत रुळले. ‘शाश्वत’ हा मूळचा तत्त्वज्ञानातला शब्द. आत्मा शाश्वत, सत्य शाश्वत. म्हणजे जे काळाने झिजत नाही आणि ज्याला टिकण्यासाठी कोणाची गरज लागत नाही. नेमका येथेच घोटाळा होतो. पर्यटनस्थळ हे झिजणारेच असते. पायऱ्या झिजतात, झरे आटतात, फुलांचे रोप पायाखाली जाते. त्याला दरवर्षी राखावे लागते. मराठीत त्यासाठी ‘टिकाऊ’ हा शब्द आहे, पण तो कापडाला आणि भांड्याला वापरला जात असल्यामुळे परिपत्रकात घेण्यास आपल्याला संकोच वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा संकोच सोडण्यासारखा आहे. भांडे टिकाऊ आहे असे म्हणताना ते वापरले जाणार, घासले जाणार आणि कधीतरी त्याला कल्हई लावावी लागणार हे आपण गृहीत धरतो. स्थळाचा विचारही असाच करायचा आहे. म्हणूनच या घटकाच्या शीर्षकात ‘टिकाऊ’ हा शब्द योजिला आहे.

६.२.२ ‘स्थानिक’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

स्वतःच्या घरात बसलेला कोणीही स्वतःला ‘स्थानिक’ म्हणवून घेत नाही. पलीकडून कोणीतरी आल्यावरच माणूस स्थानिक होतो. शासकीय मराठीत या शब्दाची दोन वळणे दिसतात. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या संज्ञेत स्थानिक हा कारभारी आहे. ‘स्थानिकांचे सहकार्य घ्यावे’ या वाक्यात तोच माणूस मदतनीस झाला आहे: निर्णय दुसऱ्याचा, हात याचे. पर्यटनविषयक मजकूर वाचताना यांपैकी कोणता स्थानिक तेथे अभिप्रेत आहे, हे विद्यार्थ्याने प्रथम तपासावे.

मराठीने या बाबतीत आपल्या हाती एक उत्तम साधन दिले आहे. हिंदीतील ‘हम’ या एका सर्वनामाने जे काम भागते त्यासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘आपला वारसा, आपली जबाबदारी’ या घोषवाक्यात गावकरी, पुण्याहून आलेला प्रवासी, हॉटेलचा मालक आणि खाते असे सगळेच येतात. ते ऐकायला गोड असते. परंतु सगळ्यांची म्हटलेली जबाबदारी नेमकी कोणाच्या गळ्यात, हे त्यातून कळत नाही. ‘दिवसाला किती माणसे आत सोडायची ते आम्ही ठरवू आणि पठाराची राखणही आम्ही करू’ या वाक्यातील ‘आम्ही’ला कुंपण आहे. त्याची यादी करता येते, त्याला जाब विचारता येतो.

अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुरणे, मासेमारी, पाटाचे पाणी अशा सामाईक गोष्टी लोक स्वतः नियम करून कशा टिकवतात, याचा त्यांनी जगभर अभ्यास केला. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना आढळलेली एक महत्त्वाची खूण म्हणजे वापरणारे कोण आणि न वापरणारे कोण याची स्पष्ट आखणी. त्यांनी दिलेले स्वित्झर्लंडमधील टोरबेल या डोंगरी गावाचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १५१७ सालच्या तेथील नियमानुसार, हिवाळ्यात जितक्या गाईंना आपल्या घरच्या वैरणीवर पोसता येईल त्याहून अधिक गाई कोणालाही सामाईक कुरणावर पाठवता येत नसत. मोजायला सोपा आणि लपवायला अवघड असा हा नियम होता.

६.२.३ सहकार्य आणि सहकार

‘सहकार्य’ आणि ‘सहकार’ हे शब्द एकाच घरातले. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाने त्यांना वेगवेगळी वळणे लावली. ‘सहकार्य’ हा विनंतीचा शब्द आहे. ‘कृपया सहकार्य करावे’ असे फलकावर लिहितात. सहकार्य केले नाही तर काय, हे लिहीत नाहीत. ‘सहकार’ म्हटले की मराठी माणसापुढे सभासद, भाग, वार्षिक सभा, लेखापरीक्षण आणि हिशेबवही उभी राहते. १९५०च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने साखर कारखाना उभा राहिला तो गावकऱ्यांच्या केवळ सद्भावनेवर नव्हे. प्रत्येकाने भाग घेतला आणि प्रत्येकाला हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. पुढे सहकारात काय काय शिरले हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. पण कारभार बिघडला हे आपल्याला कळते, तेही हिशेब मागण्याची रीत असते म्हणूनच. सहकार्य बिघडल्याचे कोणाला कळतही नाही.

पर्यटनस्थळांबाबतचा आपला बहुतेक मजकूर ‘सहकार्य’ मागतो. स्थळे टिकतात ती ‘सहकारा’ने. पुढील विवेचन हे विधान तपासण्यासाठी आहे.

६.३ आपल्याकडील जुनी घडी

सामाईक गोष्ट नियमाने वापरण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या पाण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत. शेतकऱ्यांची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे टंचाईचा भार एकाच्याच माथी येत नसे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला असे आणि त्याचा मेहनताना ठरलेला असे.

दुसरे उदाहरण आळंदीच्या पालखी सोहळ्याचे. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावली. रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत. दिंडीचा खर्च भागवण्यासाठी वारकऱ्यांकडून भिशी घेतली जाते. याहून लक्षणीय आहे ती तक्रारीची रीत. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार आहे तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकले जाते, हरवले-सापडल्याची माहिती दिली जाते आणि त्यानंतर आरती होते. लाखोंच्या मेळ्यात तक्रारीला जागा, वेळ आणि आवाज नेमून दिलेला आहे. पर्यटनाच्या किती आराखड्यांत अशी सोय सापडते?

जुन्या घडीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. बलुतेदारीतही परस्परसहकार्य होते. ‘कुंभार’ हा शब्द नावात मिरवणाऱ्या गावाने तर ते विसरू नये. परंतु तेथे काम कोणी करायचे हे जातीने ठरे आणि निर्णयाच्या बैठकीत काम करणाऱ्याला जागा नसे. आज ‘गावाच्या सहभागातून पर्यटन’ असे म्हणताना त्या गावात भूमिहीन, दलित वस्ती आणि स्त्रिया मोजल्या आहेत की नाही, हे नावे वाचूनच पाहावे लागते.

६.४ कास : संख्या कोणी ठरवायची?

समर्थांचा जन्म जांबचा, तर समाधी साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर. त्याच साताऱ्यापासून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडावरचा मातीचा अगदी पातळ थर, त्यावर पावसाळ्याअखेरीस उमलणारी रानफुले आणि सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी. येथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० प्रजाती नोंदल्या गेल्याचे सांगितले जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कासही होते.

प्रसिद्धीबरोबर गर्दी आली. फुलांत बसून छायाचित्रे काढणाऱ्यांनी रोपे चिरडली, मोटारी पठारावर चढल्या. येथे वनविभागाने पठारालगतच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना हाताशी धरले. कास, एकीव, आटाळी, कासाणी ही त्यांतील प्रमुख नावे. संयुक्त वनव्यवस्थापनाची ही कल्पना देशात १९९० च्या केंद्रीय परिपत्रकाने रूढ केली होती. हंगामात प्रवेशशुल्क घेणे, वाहने ठरलेल्या तळावर थांबवणे, पाऊलवाटेबाहेर कोणी पाऊल टाकू नये म्हणून पहारा देणे, फुलांची ओळख करून देणे आणि कचरा उचलणे ही कामे गावच्या तरुणांकडे आली. दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली आणि आगाऊ नोंदणीची सोय झाली.

यातील खरे महत्त्व ३००० या आकड्याला नाही. आकडा कमी-अधिक होईल. महत्त्वाचे हे की ‘आज पुरे’ असे सांगणारा माणूस त्या मातीतला आहे आणि फुले गेली तर पुढील हंगामातील त्याची मजुरीही जाणार आहे. मुंबईतल्या कार्यालयाने घातलेली मर्यादा फाटकावर टिकत नाही; फाटकावरच्या माणसाचा तिच्यात वाटा असला तरच टिकते.

कासची गोष्ट मात्र निर्दोष यशाची नाही, आणि म्हणूनच ती अभ्यासायची. संरक्षणासाठी पठाराला तारेचे कुंपण घालण्यात आले. गुरांची चराई थांबली. काही काळाने फुले कमी झाल्याची तक्रार होऊ लागली. गुरे चरत असताना उंच गवत मर्यादेत राहत होते, शेण पडत होते. चराई थांबल्यावर गवत माजले आणि नाजूक फुलझाडे दबली, असे जुन्या गावकऱ्यांचे आणि काही अभ्यासकांचे म्हणणे होते. या मताला विरोधही झाला, परंतु पुढे कुंपण काढण्यात आले. गुराख्याचे ज्ञान नियम करतानाच विचारात घेतले असते, तर ही फेरी कदाचित वाचली असती. सातारा-कास रस्त्यालगत वाढलेली बांधकामे हाही वादाचा विषय राहिला आहे. समितीचा अधिकार पठारापुरता. पैसा मात्र रस्त्याच्या कडेने वाहतो.

६.५ वेळास : पाहुणा आणि गिऱ्हाईक

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे छोटे गाव. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी माणसे आणि कोल्हीकुत्री ती अंडी उकरून नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये येथे संवर्धनाचे काम सुरू केले. गावातलीच माणसे पहाटे किनारा चालून घरटी शोधू लागली, अंडी कुंपणाच्या सुरक्षित जागेत पुरू लागली आणि बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडू लागली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला.

वेळासमध्ये मोठे हॉटेल उभे राहिले नाही. पर्यटक गावकऱ्यांच्या घरी उतरतात, ओटीवर वा माजघरात झोपतात आणि घरचे साधे जेवण जेवतात. त्यामुळे पैसा थेट घरात येतो आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या कामाला प्रथमच दर लागतो. एकेकाळी अंडे विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्लू समुद्रात गेल्याने मिळणारा पैसा अधिक, हे एकदा कळल्यावर पहाऱ्यासाठी वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

भाषेच्या दृष्टीने येथे एक बारीक ताण आहे. घरी उतरलेला माणूस मराठीत ‘पाहुणा’ असतो आणि पाहुण्याकडे पैसे मागणे आपल्याला जड जाते. पैसे देणारा ‘गिऱ्हाईक’ असतो आणि त्याला ‘रात्री दिवे लावू नका, किनाऱ्यावर गोंगाट करू नका’ असे सांगणे जड जाते. दर आणि नियम दोन्ही आधीच ठरलेले आणि लिहिलेले असले की यजमानाला ही दुहेरी अडचण येत नाही. तसेच ‘पिल्ले दिसतीलच असे नाही’ हे वाक्य आरक्षणाच्या वेळीच सांगणे आवश्यक ठरते. ते सांगायचे राहिले की निराश गिऱ्हाईक पिल्लांना हात लावू पाहते. भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी उसळणारी गर्दी आणि वाहनांच्या दिव्यांचे झोत आठवले, म्हणजे असा नियम नसला तर काय होते ते दिसते.

६.६ जांब-कुंभार पिंपळगाव परिसराचा विचार

कास आणि वेळास येथे निसर्ग हे आकर्षण आहे. जांब येथे श्रद्धा. फुलांच्या पठारावर ‘आज पुरे’ म्हणता येते, रामनवमीला दर्शनासाठी आलेल्याला तसे म्हणता येणार नाही. म्हणून येथे संख्येपेक्षा वेळ, वाहनतळ, पाणी आणि स्वच्छता यांचा नियम अधिक उपयोगी. चैत्रातला मराठवाडा म्हणजे पाण्याची ओढ. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर गोदावरी असली तरी नदीपासून दूरच्या गावांत उन्हाळा कोरडाच जातो. अशा वेळी उत्सवाचे पाणी कोणाच्या विहिरीचे, हा प्रश्न भक्तीइतकाच खरा आहे.

एक गाव एकट्याने हे पेलू शकत नाही. दर्शन जांबला होते. चहा, फराळ, पंक्चर, दवाखाना, मुक्काम यांसाठी प्रवासी आसपासच्या मोठ्या गावांकडे वळतो. उत्पन्न एका गावाला आणि कचरा दुसऱ्याला अशी वाटणी झाली, तर शेजाऱ्यांत सहकार्याची भाषणे होतील, सहकार होणार नाही. मंदिराची व्यवस्था पाहणारे, दोन्ही ग्रामपंचायती, बचत गट आणि वाहनचालक यांची एक समिती, तिच्या हिशेबाचे ग्रामसभेत जाहीर वाचन आणि राखणीच्या पाळ्यांची वही, एवढ्यापासून आरंभ करता येतो. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ अन्वये काही कर आणि शुल्क बसवण्याचा अधिकार पंचायतींना आहे. तो वापरायचा की नाही आणि कोणावर, हे लोकांनी ठरवायचे.

६.७ फलकाची भाषा

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पुढील दोन मजकूर वाचा.

(अ) ‘परिसर स्वच्छ ठेवण्यास सहकार्य करावे. अन्यथा दंडात्मक कारवाई करण्यात येईल.’

(आ) ‘येथे कचरा टाकल्यास ग्रामपंचायत १०० रुपये दंड घेते आणि पावती देते. कचऱ्याची टोपली वाहनतळाजवळ आहे. तक्रार असल्यास रोज सायंकाळी ५ वाजता समितीच्या खोलीत सांगा.’

पहिल्या मजकुरात ‘करावे’ हे विध्यर्थी रूप आहे आणि कर्ता अध्याहृत आहे. ‘करण्यात येईल’ या रचनेत तर कर्ता नाहीसाच झाला आहे: कारवाई कोण करणार, केव्हा, किती? वाचणाऱ्याला सवयीने ठाऊक असते की कोणीही करणार नाही. दुसऱ्या मजकुरात कर्ता उघड आहे, बहुतेक क्रियापदे साध्या वर्तमानकाळात आहेत आणि रक्कम, जागा, वेळ या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. ‘पावती देते’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे. दंड घेणाऱ्यावरही त्यांनी बंधन घातले आहे. कर्ता लपवणारी वाक्यरचना ही शैलीची बाब असते असे आपण मानतो. व्यवहारात ती जबाबदारी लपवण्याची जागा असते.

ठरावाच्या मसुद्यातही हेच पाहावे. ‘योग्य ती व्यवस्था करण्याचे ठरले’ या वाक्याने सभा संपते, काम सुरू होत नाही.

६.८ स्वाध्याय

१. ‘स्थानिक’ या शब्दाची शासकीय मराठीतील दोन वळणे सोदाहरण स्पष्ट करा.

२. कास येथील कुंपणाचा अनुभव आणि टोरबेल येथील चराईचा नियम यांची तुलना करून सुमारे ३०० शब्दांत लिहा.

३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील यात्रेची, मंदिराची, गडाची वा तलावाची निवड करा. तेथील सर्व फलक शब्दशः उतरवून घ्या. प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधा. तो नसेल तर चौकशी करून लिहा. त्यानंतर त्या स्थळासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा तयार करा. त्यात काम, काम करणारा, खर्च, उत्पन्नाची वाटणी आणि तक्रारीची जागा स्पष्ट असावी. मसुदा संपर्कसत्रात वाचण्यापूर्वी त्या गावात झाडलोट करणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेला बदल समासात वेगळ्या शाईने नोंदवा.